तिसरी गोळी

प्रिय सुमेध आणि मैत्री,

मागच्या महिन्यात फोनवर सुमेधने मला विचारलं, "आजी, तुझं बंदुकांचं दुकान होतं ना? मग मला सांग, हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊ की बोल्टची?" मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, की आईला कशाला विचारतोस, ती आता ऐंशीच्या घरात आहे. ते खरं आहे. पण आपल्या सगळ्या घरात हा प्रश्न विचारावा असं माणूस आता मीच उरले आहे, हेही खरं आहे.

त्या दिवशी मी विषय बदलला आणि तिकडे परदेशात बर्फ पडतंय का ते विचारलं. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर एका वाक्यात मावत नव्हतं. आणि सुमेध, तू येत्या हंगामाआधी रायफल घेणार आहेस, तेव्हा ते तुला वेळेवर मिळायला हवं. इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईही दुकानाच्या आठवणी लिहून द्या म्हणून मागे लागल्या आहेत. म्हणून दोन्ही कामं एकाच लेखात करते. मैत्रीला मराठी वाचता येतं. तिने सुमेधला हे मोठ्याने वाचून दाखवावं आणि मधली पानं गाळू नयेत.

तुमचे आजोबा पलटणीत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. निवृत्त होऊन नांदेडला आले तेव्हा त्यांच्या हातात एवढी एकच विद्या होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्यांनी रीतसर विक्रीचा परवाना काढला, एक लांबट खोली भाड्याने घेतली आणि कामाची वाटणी झाली. लोखंड आणि लाकूड त्यांचं. कायदा, कॅटलॉग आणि पत्रव्यवहार माझा. आमच्या समाजातल्या माणसाने बंदुकांचं दुकान घातलं याचं गावाला बरेच दिवस नवल होतं. बाई गल्ल्यावर बसते याचं त्याहून जास्त. येणारा माणूस माझ्याकडे बघून विचारायचा, "मालक कुठं हायत?" मी म्हणायची, मालक मागे आहेत, पण परवाना मलाच दाखवावा लागेल.

बाहेरच्यांना वाटतं असल्या दुकानात रोज थरार असतो. तसं काही नव्हतं. शिकारीला कायद्याने बंदी आली होती. आमचं गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. पीक राखायला त्यांना परवाना मिळायचा आणि ते बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी बंदूक घ्यायचे. रानडुक्कर मारायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी आणावी लागे. बाकी आमचा दिवस तेल, गंज आणि तडकलेले दस्ते यांत जायचा. उमरीचे एक गृहस्थ दरवर्षी ज्वारी हुरड्यात आली की बंदूक परत घेऊन यायचे. त्यांची तक्रार एकच. "वाजती चांगली, पण डुकरं ऐकून घेत न्हाईत." माहूरचा एक नारळवाला वानरांसाठी बंदूक मागायला आला होता. आजोबांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि गोफण वापरा म्हणून सांगितलं. तो रागावून गेला. पुढल्या वर्षी येऊन प्रसाद देऊन गेला.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आम्ही तिथे दुसरी शाखा काढली. नवं कार्यालय, नवे परवाने, लोकांचा उस्मानाबादचा हेलपाटा वाचलेला. ही शाखा मी सांभाळायची आणि आजोबांनी नांदेडहून येऊन-जाऊन राहायचं, असं ठरलं. तुमचे बाबा तेव्हा शाळेत होते. त्यांना आमटीभात करता येतो तो त्या दिवसांमुळे.

जिल्हा नवा झाला आणि पावसाने दगा दिला. ओळीने वर्षं कोरडी गेली. मांजरेच्या काठी ज्यांच्या विहिरीला थोडं पाणी टिकून होतं त्यांचा तेवढा ऊस उभा होता. तो कारखान्यासाठी राहिला नव्हता. वैरण म्हणून रोज थोडा थोडा तोडून गुरांपुढे टाकायचा, एवढाच त्याचा उपयोग होता. सगळं रान उघडंबोडकं झाल्यावर रानडुकरंही त्याच उसात शिरली. सावली, ओल आणि खाणं एकाच जागी. एक कळप रात्रीत जेवढं लोळवायचा तेवढ्यात गावाची गुरं आठवडा काढतील. त्यामुळे त्या वर्षी दुकानात येणारा माणूस घासाघीस करत नव्हता. त्याला फक्त लवकर हवं होतं.

अशा वेळी मुरुडच्या पुढच्या एका गावचे व्यंकटराव आमच्याकडे आले. मोठे बागायतदार आणि गावचे पाटील, गावाचा उरलेला ऊस बहुतेक त्यांचाच, आणि तो ते गावाच्या गुरांना देत होते, हे मुद्दाम सांगते. त्यांना साधी बंदूक नको होती. म्हणाले, "बाई, दुनळीनं एक पडतं, बाकीचे पळतात. आपोआप भरणारी एक असती म्हणं. ती बघा."

तशी एक आमच्या ओळखीत होती. उदगीरकडचे मिर्झासाहेब म्हणून एक वृद्ध गृहस्थ होते. निजामाच्या काळात त्यांच्या वडिलांनी परदेशातून एक सेमी-ऑटोमॅटिक रायफल मागवली होती आणि ती जुन्या परवान्यावर चालत आली होती. मिर्झासाहेबांचा खांदा आता साथ देत नव्हता, मुलांना हौस नव्हती, आणि रायफल विकायची म्हणून ते आमच्याकडे बोलून गेले होते. असल्या हत्याराला परवानगी सहज मिळत नसे. व्यंकटराव म्हणाले ती मी आणतो, तुम्ही आधी माल दाखवा.

आता सुमेध, तुझ्या प्रश्नाकडे येते.

बोल्टच्या रायफलीत एक गोळी झाडली की हाताने दांडी मागे ओढावी लागते. रिकामं काडतूस बाहेर पडतं, दांडी पुढे ढकलली की नवं आत जातं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम रायफल स्वतः करते. मिर्झासाहेबांची रायफल स्वतःच्याच धक्क्याच्या जोरावर ते करायची. तू फक्त चाप ओढायचा. एकदा ओढला की एक गोळी, सोडून पुन्हा ओढला की दुसरी. पाच गोळ्यांपर्यंत.

त्याचे फायदे खरे आहेत आणि ते मी लपवणार नाही. पहिली गोळी चुकली, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट लागली, तर दुसरी ताबडतोब देता येते आणि जनावर तडफडत रानात जात नाही. यंत्र धक्क्याचा काही भाग गिळतं, म्हणून कमजोर खांद्याला ती सोसते. हात दांडीकडे न्यावा लागत नाही, त्यामुळे नजर जनावरावरून हलत नाही. तोटेही आहेत. आत बारीक भाग जास्त, म्हणून साफसफाई जास्त. दुष्काळातली आमची धूळ आत गेली की ती ऐनवेळी अडकायची. हलकं किंवा जुनं काडतूस तिला चालत नाही, आणि मिर्झासाहेबांच्या रायफलीला लागणारी काडतुसं इथे मिळतही नसत. त्यांच्याकडे दोन डबे होते तेवढेच. वजन जास्त. डावऱ्या माणसाच्या तोंडासमोरून गरम टरफल उडतं, आणि तू डावरा आहेस. हे सगळं मी तेव्हा व्यंकटरावांना कॅटलॉग उघडून समजावून सांगितलं होतं. आणखी एक तोटा आहे. तो कुठल्याच कॅटलॉगात नव्हता.

आजोबांचा नियम होता की अनोळखी जातीचं हत्यार चालताना पाहिल्याशिवाय त्याचा सौदा करायचा नाही. व्यंकटरावांना डुकरं मारायची परवानगी मिळालेलीच होती. परवाना मिर्झासाहेबांच्या नावावर, म्हणून त्यांनी आपल्या हाताने रायफल चालवायची, व्यंकटरावांनी बघायची आणि मग ठरवायचं, असं झालं. मी दुकान बंद ठेवून बरोबर गेले. इतकं वाचलेलं यंत्र मला एकदा चालताना पाहायचं होतं.

उसाच्या एका टोकाला मोकळं ढेकळाचं रान होतं. तिथे मिर्झासाहेब स्टुलावर बसले, आजोबा त्यांच्या शेजारी. मी आणि व्यंकटराव मागे बैलगाडीपाशी. उसाच्या दुसऱ्या टोकाने हाक्याची माणसं पत्र्याचे डबे वाजवत आत शिरली. जनावर पुढे काढत आणायचं, ऊस संपायच्या आत बाजूला होऊन बांधामागे पडून राहायचं, असं त्यांचं काम. ती माणसं कोण होती हे मैत्रीने तरी ओळखलं असेल. ज्यांचा ऊस नव्हता ती. बहुतेक त्या गावातल्या आमच्याच समाजाच्या वस्तीतली. सकाळी त्यांच्यातला सखाराम नावाचा चाळिशीचा माणूस आजोबांना "जय भीम साहेब" म्हणाला होता आणि मला म्हणाला, "ताई, बंदुकीपाशी बाई म्या पहिल्यांदाच बघायलोय." मी म्हटलं, मीही डुकराला पहिल्यांदाच बघणार आहे. तो हसला. "ते न्हाई बघितलं तरी चालतंय."

डुकरं निघाली ती एकदम निघाली. मिर्झासाहेबांनी पहिली गोळी झाडली आणि पुढचं डुक्कर जागीच बसलं. दुसरी गोळी मागच्या मोठ्या नराला लागली, पण मागच्या अंगाला. तो भेलकांडला आणि मोकळ्या रानात जायचं सोडून बांधाकडे वळला. तिथे माणसं पडलेली आहेत हे मिर्झासाहेबांना माहीत होतं. जखमी नर माणसांत घुसला तर काय करतो हेही माहीत होतं. त्यांनी रायफल त्याच्यामागे फिरवली. माणसांना वाचवण्यासाठी फिरवली, हे मी त्यांच्या बाजूने आजही सांगेन. त्याच क्षणी सखाराम बांधामागून उभा राहिला आणि तिसरी गोळी सुटली.

का उभा राहिला, ते नीट समजून घ्या. त्या भागात दुनळीपेक्षा मोठं हत्यार कुणी पाहिलं नव्हतं. हाक्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बार मोजत आली होती. दोन बार झाले की बंदूकवाला नळी मोडून, म्हणजे मधून खाली वाकवून, काडतुसं भरणार, तेवढा वेळ आपला. त्या वेळात उठायचं, जखमी जनावर कुठे आहे बघायचं आणि त्याच्या वाटेतून पळायचं. जो उठत नाही त्याला डुक्कर फाडतं. सखाराम घाबरून उठला नव्हता. बापाने शिकवलं होतं तसं बरोबर केलं होतं.

गोळी डाव्या दंडात लागली. शिकारीची गोळी आत जाऊन पसरते. दंडाचं काय झालं ते मी लिहीत नाही. आजोबांनी कमरेचा पट्टा काढून खांद्याजवळ आवळला आणि व्यंकटरावांच्या जीपमध्ये त्याला मांडीवर घेऊन लातूरच्या दवाखान्यात आणलं. मिर्झासाहेब मागच्या बाजूला बसले होते. रस्ताभर ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की मी त्याला पाहिलंच नाही. हात कोपराच्या वरून काढावा लागला. माणूस वाचला.

पोलिसांचं जे व्हायचं ते झालं. सखारामने अपघात म्हणून सांगितलं आणि तो अपघातच होता. मी रोज दुकान बंद करून दवाखान्यात जायची. एका संध्याकाळी त्याची बायको गिरजा माझ्यासमोर त्याच्यावर चिडली, की बाकी सगळे पडून राहिले, तुम्हालाच उठायची काय घाई होती. सखाराम म्हणाला, "म्या दोन मोजले. दोनाच्या पुढं शाळेतच न्हाई गेलो." ती तोंड फिरवून रडायला लागली. मग तो माझ्याकडे वळला.

"ताई, किती गोळ्या बसत्यात त्यात?"

"पाच."

"मंग पाच झाल्यावर उठलो असतो की. सांगितलं कुणी आम्हाला?"

व्यंकटरावांना आम्ही सगळं समजावलं होतं. मिर्झासाहेबांना तर लहानपणापासून ठाऊक होतं. बैलगाडीवाल्याने विचारलं म्हणून त्यालासुद्धा आजोबांनी सांगितलं होतं. नळीच्या पुढच्या माणसांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. ते सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

काही दिवसांनी व्यंकटराव दुकानात आले. मिर्झासाहेबही आलेले होते. व्यंकटरावांना रायफल अजून हवी होती, आणि त्यांचं म्हणणं निर्दयपणाचं नव्हतं. डुकरं दोन मेली, तो जखमी नर पुढे ओढ्यात मेलेला सापडला होता; बाकीची परत उसात बसली होती. गोठ्यात गुरं हंबरत होती. ते म्हणाले, "बंदुकीचा काय दोष हाय त्यात? माणसांना आता कळलंय पाच गोळ्या म्हणून. पुढल्या टायमाला उठणार न्हाईत."

आजोबांनी त्यावर जे म्हटलं त्याचा विचार मी अजून करते. ते म्हणाले, "त्या दिवशी दुनळी असती तर मिर्झासाहेब काडतूस भरत बसले असते आणि कदाचित त्या नराने सखारामला उभा चिरला असता. हेही होऊ शकलं असतं. म्हणून रायफल वाईट असं मी म्हणणार नाही. पण दुनळी दोन बारांनंतर गप्प बसते. बसावंच लागतं. त्या गप्प बसण्यात बंदूकवाला मान वर करून बघतो, आणि समोरचा माणूसही बघतो. या रायफलीत ती जागाच नाही."

व्यंकटराव मिर्झासाहेबांकडे बघत राहिले, कारण माल त्यांचा होता. मिर्झासाहेब शुद्ध दख्खनी उर्दू बोलायचे, पण त्या दिवशी व्यंकटरावांना नीट कळावं म्हणून मराठीत बोलले. "राव, माझ्या हातून झालं ते झालं. आता दुसऱ्याच्या हातून व्हायला नको. ही विकायची नाही." व्यंकटराव उठले. दारात थांबून म्हणाले, "मंग डुकरांना काय अर्ज देऊ?" मिर्झासाहेबांनी रायफल कायद्याप्रमाणे आमच्याकडे ठेवायला दिली आणि परत कधी मागितली नाही. त्या दोन डब्यांतली उरलेली काडतुसं वापराविना राहिली.

शेवटी व्यंकटरावांनी दुनळीच घेतली. आजोबांनी एक अट घातली, की पहिल्या हाक्याला ते स्वतः येणार आणि त्याआधी हाक्याच्या प्रत्येक माणसाला बंदूक हातात घेऊ देणार. व्यंकटराव म्हणाले, "हाक्याच्या माणसांना बंदूक दाखवून काय करायचं?"

"नळीच्या पुढं तेच असतात," आजोबा म्हणाले.

मारुतीच्या पारासमोर गोणपाट अंथरून त्यांनी रिकामी दुनळी ठेवली. वस्तीतली माणसं आधी पुढे येईनात. कुणीतरी पुटपुटलं, की पाटलाच्या बंदुकीला आपण हात कसा लावायचा. मग दवाखान्यातून आलेला सखाराम पुढे झाला. एका हाताने त्याला ती मोडता येईना. आजोबांनी दस्ता धरला आणि त्याने नळी खाली दाबली. काडतुसाच्या घरांत एकेक करून बोट घातलं, वाकून आरपार पाहिलं आणि मागच्यांना म्हणाला, "या, बघा. काय न्हाई आत." मग सगळे आले.

त्या दिवसापासून सखाराम हाक्यात उतरला नाही. तो बंदूकवाल्याच्या शेजारी उभा राहायचा. बार झाले की बंदूक उघडायला लावायचा, स्वतः बोट घालून पाहायचा आणि मगच बांधाच्या दिशेने ओरडायचा. व्यंकटरावांना पहिल्या वर्षी ते आवडलं नाही. जनावर निसटतं म्हणायचे. निसटायचंही. तरी पाऊस येईपर्यंत निम्म्याहून जास्त ऊस टिकला, आणि कुणाच्या अंगाला ओरखडा आला नाही.

तेव्हा सुमेध, रायफल कुठली घ्यायची ते तू ठरव. तुमच्याकडचा कायदा वेगळा, रान वेगळं, आणि नव्या सेमी-ऑटोमॅटिक मिर्झासाहेबांच्या रायफलीपेक्षा चांगल्या असणार. माझं मत विचारशील तर बोल्टची घे. हाताने दांडी ओढताना जो वेळ जातो तो वाया जात नाही. पण कुठलीही घेतलीस तरी तुझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती आधी दे. त्यात किती गोळ्या बसतात ते प्रत्येकाला सांग. न विचारता सांग. सामान उचलायला जो येतो त्यालाही.

दुकान आम्ही आजोबांचे डोळे गेल्यावर बंद केलं. लातूरच्या जागेत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मिर्झासाहेब गेले, व्यंकटराव गेले, आजोबाही गेले. मिर्झासाहेबांच्या वारसांनी ती रायफल सरकारजमा केली. सखाराम गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात गिरजा मुलीकडे लातूरला आली होती तेव्हा मला भेटून गेली. तिने सांगितलं ते असं, की गावात डुकरांची परवानगी निघाली की अजून हाका होतो, आणि बंदूकवाल्याच्या शेजारी आता सखारामचा पुतण्या उभा असतो. बंदूक कुणाचीही असो, तो आत बोट घालून पाहिल्याशिवाय हाक देत नाही, आणि त्याची हाक आल्याशिवाय बांधामागून कुणी उठत नाही.